घाटपायथा आणि मुंबईचा वाद

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी आम्हांस आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिहावे अशी आज्ञा केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि पुढे शिक्षकी प्रशिक्षणाचे. संशोधकाचा आव आणणे आम्हांस शोभणार नाही. तथापि पस्तीस-छत्तीस वर्षे महाड-पोलादपूरच्या शाळांतून मुलांस इतिहास शिकविताना एक गोष्ट मनात सलत राहिली. आमच्या पाठ्यपुस्तकात आंबेनळीच्या डोंगराचा उल्लेख इ. स. १६५६ची जावळी आणि १० नोव्हेंबर १६५९चा अफजलखानवध एवढ्यापुरता येतो आणि मग हा मुलूख जणू झोपी जातो. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबई कोणाची, देशाच्या अर्थकारणात कोकणचा वाटा कोणता, हा जो मोठा वाद शतकाच्या मध्यास झाला, त्याचे दोन महत्त्वाचे धागे याच घाटपायथ्याशी येऊन गुंततात. ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवावेत एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडे मागे जाणे अवश्य आहे. पोलादपूर सोडून महाबळेश्वरकडे निघालेला रस्ता ज्या घाटाने सह्याद्री चढतो तो आंबेनळी घाट. गाडीरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. सरकारदप्तरी त्यास मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव होते. त्याआधी शेजारच्या पार घाटाने बैलांचे तांडे चालत. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाई. वरून गूळ, मिरची, धान्य खाली येई. हा माल सावित्रीच्या खाडीने महाडहून बाणकोटास आणि तेथून गलबतांनी मुंबईस पोहोचे. महाड हे त्या काळचे नांदते बंदर होते. पुढे १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८६३ साली ती बोरघाट चढली, आणि देशावरचा माल रुळांवरून थेट मुंबईस उतरू लागला. कोकणातील बंदरांची उतरती कळा तेथून सुरू झाली. कोणी मुद्दाम वैर केले असे नव्हे; परंतु लोहमार्ग कोठून न्यावयाचा हे ज्यांनी ठरविले त्यांच्या हिशेबात महाडचा धक्का नव्हता. कोकणातून सलग आगगाडी जावयास २६ जानेवारी १९९८ उजाडावा लागला. म्हणजे पहिल्या गाडीनंतर एकशे पंचेचाळीस वर्षे! तीही महाड शहरास वळसा घालून वीर, करंजाडी, विन्हेरे या स्थानकांनी पुढे जाते.

बंदर ओसरले तेव्हा माणसे निघाली. १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढील पन्नास वर्षांत लालबाग-परळची धुराडी रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांच्या मनुष्यबळावर धगधगू लागली. रत्नागिरीकर संख्येने अधिक, परंतु आपल्या कुलाब्याचे बांधवही थोडे नव्हते. एका खोलीत पंधरा-वीस गडी, पाळीपाळीने झोप, खाणावळीतील जेवण आणि महिन्याकाठी गावास मनीऑर्डर, ही कथा या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांच्या घरची आहे. ती आम्ही त्यांस काय सांगावी? गावातील चूल मुंबईच्या पगारावर पेटत असे, हे खरे. परंतु मुंबईची गिरणीही गावच्या भाकरीवर चालत असे, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच येते. कामगाराचे बालपण, आजारपण आणि म्हातारपण यांचा खर्च गावाने सोसला. गिरणीने केवळ त्याची ऐन उमेदीची वर्षे विकत घेतली. म्हणूनच तो मजूर गिरणीमालकास स्वस्त पडला.

हीच गोष्ट भाषावार प्रांतरचनेच्या वादात ऐरणीवर आली. १२ मे १९४६ रोजी बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढे १९४८ साली दार कमिशन नेमले गेले, तेव्हा सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास प्रभृती मुंबईतील धनिक मंडळींच्या समितीने असा पक्ष मांडला की, मुंबई हे बहुभाषिक शहर असून त्याचा व्यापार व कारखानदारी महाराष्ट्रीयांच्या भांडवलातून उभी राहिलेली नाही. सबब ते महाराष्ट्रास देऊ नये. या युक्तिवादास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी सडेतोड उत्तर दिले. कलकत्त्याचा व्यापार परप्रांतीयांच्या हाती असला म्हणून कलकत्ता बंगालचे नव्हे असे कोणी म्हणत नाही. मग हा न्याय मुंबईसच का, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावणाऱ्या या पुरुषाने रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचा अर्थविषयक अधिकार कळून येतो. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनीही संयुक्त महाराष्ट्राची बाजू आकड्यांनिशी लढविली. भांडवल कोणाचे, हा एकच प्रश्न नव्हता. श्रम कोणाचे, पाणी कोणाचे, वीज कोणत्या डोंगरातून येते, हेही प्रश्न होते.

आता पहिला धागा. महाडहून रायगडाकडे जाताना नाते नावाचे गाव लागते. तेथे १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. स्मरणिकेत केवळ आपल्याच माणसांची चरित्रे छापण्याची प्रथा आम्ही येथे मोडीत आहो, त्याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. १९१२च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. (आम्हीही मॅट्रिकच, पण मॅट्रिक-मॅट्रिकमध्ये केवढे अंतर!) पुढे ते केंब्रिजला गेले, आय. सी. एस. झाले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९४४ साली ब्रेटन वूड्सच्या जागतिक परिषदेत हिंदुस्थानच्या वतीने बसले, आणि १९५० साली देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२च्या निवडणुकीत ते आपल्याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा काळ, इंपीरियल बँकेचे १९५५ साली झालेले स्टेट बँकेत रूपांतर, १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण, ही सारी त्यांच्या कारकीर्दीतील कामे. देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या सावित्रीकाठच्या माणसाच्या हाती होत्या.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५च्या सप्टेंबर अखेरीस सादर झाला. त्याने मुंबईसह गुजरात व महाराष्ट्र यांचे द्वैभाषिक सुचविले आणि विदर्भ वेगळा ठेवला. मग त्रिराज्याची योजना निघाली, आणि १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असे जाहीर केले. मुंबईत आगडोंब उसळला. गोळीबार झाले. या साऱ्या चळवळीत शंभरांहून अधिक माणसे हुतात्मा झाली; त्यांत गिरणगावातील पोरे किती, हे फ्लोरा फाउंटनच्या स्मारकावरील नावे वाचणारास समजेल.

चिंतामणराव जन्मभर सरकारी शिस्तीत वाढलेले गृहस्थ. मोर्चा, घोषणा हा त्यांचा पिंड नव्हे. तथापि त्यांनी राजीनामा पुढे केला, आणि काही महिन्यांच्या रदबदलीनंतर जुलै १९५६मध्ये तो अमलात आला. २५ जुलै रोजी लोकसभेत केलेल्या निवेदनात त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. मुंबईसंबंधीचा निर्णय मंत्रिमंडळाच्या रीतसर विचारविनिमयाने झाला नाही, ही एक. आणि गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारण्यात महाराष्ट्राविषयीचा आकस दिसतो, ही दुसरी. पंडितजींनी हा आरोप मानला नाही. कोण किती बरोबर याचा निवाडा इतिहासकार करोत. आमच्या मते त्या राजीनाम्याचे मोल असे की, मुंबईची मागणी ही केवळ रस्त्यावरील जमावाची भावना आहे असे म्हणण्याची सोय त्यानंतर उरली नाही. ज्याने देशाचे अंदाजपत्रक सहा वर्षे मांडले, तोच माणूस ती मागणी न्याय्य आहे असे म्हणून खुर्ची सोडून चालता झाला होता.

दुसरा धागा खुद्द आंबेनळीचा. १ नोव्हेंबर १९५६पासून विशाल द्वैभाषिक राज्य सुरू झाले व यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. पुढील वर्षी, ३० नोव्हेंबर १९५७ रोजी, प्रतापगडावरील शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते ठरले. संयुक्त महाराष्ट्र समितीने निदर्शनांची हाक दिली. वाईच्या बाजूने पसरणीचा घाट आणि कोकणच्या बाजूने पोलादपूर, असे दोन्हीकडून लोक लोटले. आमचे वडील त्या वेळी परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. खाडा करून, पगार कापून घेऊन ते सोबत्यांसह गावी आले आणि भाकरी-चटणी फडक्यात बांधून घाटाकडे निघाले. काळे निशाण आणावयाचे कोठून? त्यांनी आमच्या आजोबांच्या छत्रीचे कापड काडीपासून सोडविले आणि बांबूला बांधले! आजोबा पुढील पावसाळाभर इरल्यात फिरले आणि दर नक्षत्रास मुलाचा उद्धार करीत राहिले, असे आजी सांगे. निदर्शने शांततेने पार पडली. दिल्लीस जे कागदोपत्री उमगले नव्हते ते त्या दिवशी घाटाच्या दोन्ही अंगांस डोळ्यांनी दिसले, असे जाणकार म्हणतात. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

येथवरची कथा सांगताना ऊर भरून येतो. पुढची सांगणे कठीण आहे, परंतु ती गाळली तर आम्ही मुलांस शिकविलेला इतिहास अर्धाच ठरेल. मुंबई महाराष्ट्राची ठरली. मुंबई उभारणारा डोंगरपायथा मात्र हिशेबाबाहेर राहिला. १९५३च्या नागपूर कराराने विदर्भ-मराठवाड्यास आश्वासने मिळाली आणि ती मिळणे योग्यच होते. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे झाली तेव्हा विदर्भाचे एक, मराठवाड्याचे एक, आणि कोकण गेले ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, पुण्या-मुंबईच्या पंगतीस. सरासरी मोठी मौजेची असते. १९८१ साली आपल्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच जिल्ह्यात पनवेल आहे, उरणला १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर आहे, आणि पोलादपूरही आहे. तिन्हींची बेरीज करून तिनाने भागिले की पोलादपूर कागदावर श्रीमंत होते. आम्ही पाचवीच्या वर्गास सरासरी शिकविताना हे उदाहरण फळ्यावर मांडीत असू.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आम्ही तेव्हा नोकरीत नवखे होतो. त्या जूनमध्ये आमच्या दोन शिक्षकी शाळेत मुंबईचे दाखले घेऊन मुले येऊ लागली; भोईवाडा, काळाचौकी, करी रोड, अशा पत्त्यांचे दाखले. बाकांवर जागा पुरेना. पोस्टमन गावात आला की ज्या बाया पूर्वी कुपन वाचून घेण्यासाठी शाळेच्या पडवीत येत, त्या आता रिकाम्या हाताने येत आणि ‘गुरुजी, वर्तमानपत्रात काय आलं हाय का?’ एवढेच विचारीत. संप कधी मिटला असे कोणी जाहीर केले नाही. काही वर्षांनी तीच मुले मोठी होऊन पुन्हा मुंबईस, वसई-विरारास, पनवेलास गेली. गिरणीत नव्हे, मिळेल त्या कामास. पट घसरत गेला. आमच्या सेवानिवृत्तीच्या वर्षी शाळेत नऊ मुले होती.

दोष केवळ सरकारचा असे म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. आपण ज्ञातिबांधवांनीही मुंबईच्या सभागृहासाठी वर्गण्या काढल्या. गावच्या डोंगरउताराकडे, झऱ्याकडे, पडीक वरकसाकडे कोणी पाहिले नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली; त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही घरे गाडली गेली आणि आंबेनळीचा रस्ता जागोजाग खचला. तेव्हा मदतीचे टेम्पो मुंबईहून आले, हेही नमूद केले पाहिजे. मुंबईकर बांधव गाव विसरले असे म्हणणे अन्यायाचे होईल.

अलीकडे आमच्याकडे एक नवेच काम येऊ लागले आहे. म्हाडाच्या गिरणी कामगार घरांच्या सोडतींची चर्चा सुरू झाली, तसे कामगारांचे वारस कागद शोधत गावी येतात. बाप गिरणीत होता, याचा पुरावा हवा असतो. आणि आपण त्याचेच मूल आहोत, याचाही. शाळेच्या जुन्या नोंदवहीतील पालकाचे नाव त्यांस उपयोगी पडते, म्हणून निवृत्तीनंतरही आम्हांस हाक येते. मागील वर्षी आमच्याच घरचा अर्ज भरण्यासाठी वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडली. तीत गिरणीचे तिकीट होते, भविष्यनिर्वाह निधीची एक जीर्ण पावती होती, आणि तळाशी घडी घातलेले छत्रीचे काळे कापड. तिकीट व पावती यांच्या प्रती आम्ही अर्जास जोडल्या. कापड ट्रंकेत परत ठेवले.