पाव आण्याची सुटका

उज्जैनच्या माधव नगरात माझी मावशी राहते. काका गेले, पण त्यांचा नाण्यांचा आल्बम तिने जपला आहे. त्यात ग्वाल्हेर संस्थानच्या पाव आण्यांचे एक पान. माधवराव शिंद्यांच्या संवत १९७४ च्या, म्हणजे सन १९१७ च्या नाण्याचा खण तेवढा रिकामा होता.

गेल्या खेपेस मी ते नाणे नेले. तांब्याचे, पण प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, वर दर्जाची चिठ्ठी. १९८६-८७ च्या सुमारास अमेरिकेत ही पद्धत रुजली. सत्तरपैकी गुण देतात. डबी फोडली की हमी गेली, भावही उतरतो.

मावशी म्हणाली, "अरे, डबी खणात मावत नाही. काकांनी काय केलं असतं?"

मी पकडीने डबीची कड फोडली. नाणे कडेला धरूनच उचलले. पीव्हीसीच्या पानात तांब्यावर हिरवा चिकटा धरतो, म्हणून आधी पान बदलले.

गोव्यात १९६१ नंतर पोर्तुगीज नाणी चलनातून गेली, तरी कित्येक घरांत ती गाठोड्यात राहिली. त्यांना कुणी गुण दिले नव्हते.

खण भरला. मावशी बराच वेळ पानावरून हात फिरवत राहिली. चिठ्ठी मात्र मी आल्बममागे ठेवली आहे. तीही आता इतिहासच, नाही का?