बारवीची पक्षीफेरी आणि चोरीचा पिंगळा

मार्चमध्ये बारवी धरणाच्या जंगलात नवशिक्यांच्या पक्षीफेरीला गेलात, तर पहिल्या तासाभरातच तुमच्या लक्षात येईल की ऋतू आपल्या बाजूने आहे. पानगळ झालेली, पळस फुललेला, काटेसावरीवर बुलबुल, शिंजीर आणि भोरड्यांची झुंबड. पाऊस पडल्यावर याच झाडांत पक्षी शोधताना मान मोडते. वाटाड्या सांगतो, "आधी आवाज ऐका, मग दुर्बीण लावा." आणि मग म्हणतो, "वहीत लिहा." त्या वहीबद्दल आज बोलूया, कारण संशोधनाची तयारी करणाऱ्यांना तिचा इतिहास माहीत हवा.

एकोणिसाव्या शतकात पक्षी पाहणं म्हणजे पक्षी मारणं होतं. आजच्या दुर्बिणी नव्हत्या, ओळख पटवायची तर पक्षी हातातच हवा. मग त्याचं कातडं भरायचं, पायाला चिठ्ठी बांधायची: ठिकाण, तारीख, कोणी मिळवला. १८८३ साली मुंबईत बीएनएचएस सुरू झाली, तीही अशाच नमुन्यांच्या संग्रहाभोवती वाढली. १९०१ मध्ये एडमंड सेलूसने इंग्रजीत पक्षीनिरीक्षणावर पुस्तक लिहून बंदूक खाली ठेवा असा आग्रह धरला (गंमत म्हणजे त्याचा भाऊ फ्रेडरिक हा आफ्रिकेतला नामांकित शिकारी). आपल्याकडे सर्वसामान्यांच्या हाती खऱ्या अर्थाने दुर्बीण आली ती सालिम अलींच्या १९४१च्या पुस्तकानंतर, असं माझं मत आहे. चित्र बघून पक्षी ओळखता येतो, हे त्या पुस्तकाने घरोघरी पोचवलं.

पण बंदूक गेली तशी एक गोष्टही गेली: पुरावा. नमुना नसेल तर "मी पाहिला" यावर कोण विश्वास ठेवणार? हा प्रश्न विचारणाऱ्यांना रानपिंगळ्याची गोष्ट सांगावी.

हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८७३ मध्ये ह्यूमने शास्त्राला ओळख करून दिला. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने मिळवले, शेवटचा १८८४ मध्ये. त्यानंतर संग्रहात होती ती फक्त रिचर्ड माइनर्ट्झहागेनची नोंद: १९१४, गुजरातमधलं मांडवी. म्हणजे नमुनाही होता आणि चिठ्ठीही. विसाव्या शतकाच्या शेवटी पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला. क्ष-किरणांत आणि आतल्या भरणीत जुनं कातडं पुन्हा भरल्याच्या खुणा मिळाल्या. तो डेव्हिडसनचाच पक्षी होता; ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नवी चिठ्ठी लावलेला! खोटी नोंद बाजूला ठेवून, जुन्या खऱ्या ठिकाणांच्या मागावर गेलेल्या रासमुसेन आणि सहकाऱ्यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. पुढे २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यातही सापडला, म्हणजे बारवीपासून फार लांब नाही.

तर नमुना हातात असणं म्हणजे सत्य हातात असणं नव्हे. नोंद टिकते ती तिच्यामागे कोण, कुठे, कधी, किती वेळ, हे तपासता येतं म्हणून.

आता यात "किती वेळ" का आलं? अमेरिकेत बोस्टनजवळ १८३१ साली वसवलेली माउंट ऑबर्न नावाची दफनभूमी आहे. शहराच्या मधोमध झाडी, तळी, त्यामुळे मे महिन्यात उत्तरेकडे जाणारे पक्षी तिथे उतरतात आणि पक्षीमंडळं पिढ्यान्‌पिढ्या तिथे फेऱ्या काढतात. त्यांचा वसंत म्हणजे येणारे पक्षी मोजणं. आपला वसंत उलटा: आपण जाणारे मोजतो. आणि जाणारा मोजणं जास्त अवघड. पहिली भोरडी दिसली की तारीख मिळाली. शेवटची भोरडी कधी गेली, हे मात्र तुम्ही पुढच्या चार रविवारी गेलात आणि एकही दिसली नाही, तरच सांगता येतं. तो "नाही" वहीत नसेल तर भोरड्या गेल्या की तुम्ही झोपलात, हे नंतर कोणी कसं ओळखणार?

बारवीत हे जास्तच लागू आहे. एमआयडीसीच्या या धरणाची उंची वाढली, पाणी ७२.६० मीटरपर्यंत चढलं, मुरबाड तालुक्यातल्या काही गाव-पाड्यांची वस्ती आणि काठचं रान पाण्याखाली गेलं. त्याआधी तिथे नेमके कोणते पक्षी होते, याचं उत्तर जुन्या वह्यांत आहे तेवढंच.

म्हणून फेरीला गेलात की पक्ष्यांच्या नावांआधी चार गोष्टी लिहा: सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, किती किलोमीटर चाललात, किती जण होतात. ओळखता न आलेला पक्षीही "अनोळखी" म्हणून मांडा, अंदाजाने नाव ठोकू नका. सगळे जण डांबरी रस्त्याच्या कडेनेच आणि रविवारीच चालतात, त्यामुळे आतल्या जंगलाबद्दल ही वही गप्प राहणार, हेही लिहून ठेवा. ई-बर्डवर टाकणार असाल तर दिसलेले सगळे पक्षी टाका, फक्त आवडलेले नकोत. साळुंकी रोजचीच म्हणून वगळणारे खूप भेटतात. शहरांतून चिमणी विरळ झाली की नाही यावर वाद का घालावा लागतो, तर जुन्या लोकांनी चिमणी लिहिलीच नाही.