तगर ते तेर : व्यवसायरचनेच्या इतिहासातील साधनांचा प्रश्न

तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर, हे समीकरण फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले व पुढे ते सामान्यतः मान्य झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगराहून साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोचला येत असल्याचे नमूद आहे. यावरून तगर हे विणकरांचे नगर होते व उद्योग लयास जाऊन त्याचे शेतकऱ्यांचे गाव झाले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो कितपत ग्राह्य आहे?

पेरिप्लसकाराची दृष्टी व्यापाऱ्याची होती. बंदरात पोहोचणारा माल त्याने नोंदविला; कापूस पिकविणारे शेतकरी आणि सूत कातणारे हात त्याच्या कक्षेबाहेर राहिले. उत्खननाचे साक्ष्य याच्या नेमके उलट आहे. कापड मातीत कुजते; खापरे, मृण्मूर्ती व हस्तिदंत टिकतात. संतपरंपरेने तेरचा कुंभार स्मरणात ठेवला तो गोरोबाकाकांच्या भक्तीमुळे, कुंभारांच्या संख्येमुळे नव्हे. तात्पर्य, ही तिन्ही साधने व्यवसायांचे अस्तित्व सिद्ध करतात, प्रमाण नव्हे.

प्रमाणाची चर्चा जनगणनेपासूनच शक्य होते. पण तेथेही सावधगिरी हवी. १९५१ च्या गणनेनुसार भारतातील सुमारे ७० टक्के लोकसंख्या शेतीवर अवलंबून होती. १८८१ ते १९३१ या काळातील आकडे तपासून डॅनियल थॉर्नर यांनी दाखविले की, उद्योगांतून शेतीकडे झालेले मोठे स्थलांतर या अर्धशतकात आढळत नाही. असा पालट झालाच असेल, तर तो १८८१ पूर्वीचा असला पाहिजे. या तुलनेसाठी त्यांना उद्योग व व्यापार हे वर्ग एकत्र करावे लागले. कारण उघड आहे : मडकी घडवून स्वतःच बाजारात विकणारा कुंभार उत्पादक मानावा की विक्रेता? स्त्रियांच्या कामाची नोंद तर दर गणनेत व्याख्येनुसार बदलत गेली. म्हणून थॉर्नर यांनी मुख्य भिस्त पुरुषांच्या आकड्यांवर ठेवली.

तेव्हा तेरविषयी निश्चितपणे इतकेच म्हणता येते की, दूरच्या बाजारपेठेशी असलेला त्याचा कापडाचा संबंध तुटला. किती हात मागावरून नांगराकडे वळले, हा प्रश्न अद्याप खुला आहे. ऱ्हासाची कथा सांगण्यापूर्वी, आपले साधन कोणाला मोजते व कोणाला वगळते, हे अभ्यासकाने प्रथम पाहिले पाहिजे.