तीन वर्षांची मुदत आणि खानदेशातले न संपणारे कर्ज

१/ जुन्या कर्जाच्या दाव्याला कायद्याने मुदत घातली, की ऋणको सुटतो असे आपण मानतो. १९व्या शतकात याच मुदतीने जळगाव-धुळ्याचा शेतकरी अधिक अडकला. कसा, ते पाहू.

२/ जुना दंडक दामदुपटीचा : थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक मागता येत नसे. १०० रुपयांचे फार तर २००.

३/ १८५९च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या रोख्यावरील दाव्यास ३ वर्षांची मुदत ठरवली. मुदत भरत आली की सावकार दारात उभा राही : नवा रोखा लिहून द्या, नाहीतर कोर्ट. नव्या रोख्यात थकलेले व्याजच मुद्दल होई.

४/ समजा, १०० रुपये, व्याज शेकडा २४. तीन वर्षांनी रोखा १७२चा, सहा वर्षांनी २९६चा, नऊ वर्षांनी ५०९चा. दामदुपट कागदावरच राहिली.

५/ अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाला सोन्याचा भाव आला, कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. रोखे मात्र उरले.

६/ १८७५मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी रोखे जाळले. १८७९च्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. पण आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चारच जिल्ह्यांना. दंगा न झालेला खानदेश बाहेर राहिला.

७/ आजही मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी, सहीचे वचन दिले, की तो नवा करार ठरतो. वसुलीवाला दारी आला, तर सही करण्यापूर्वी कागदावरची तारीख वाचावी.