"मोबाईल नंबर सांगा!" अर्थात वहीतल्या नावाची गोष्ट

शनिवार-रविवारी अलिबाग-मुरुडकडे पळणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना पेण माहीत असतं ते दोन गोष्टींसाठी, गणपती आणि पापड. रोह्याची ओळख त्याहून कमी. कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते स्टेशन, एवढीच. पण एका बाबतीत या दोन्ही गावांच्या बाजारपेठा आता मुंबई-पुण्याच्या बरोबरीला आल्या आहेत. शर्ट घ्या, चप्पल घ्या, मोबाईलचं कव्हर घ्या... काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवरची नजर न काढता विचारतो, "मोबाईल नंबर?"

आणि आपण सांगतो. मागे रांग असते, हातात पिशव्या असतात, वाद कोण घालणार? दहा आकडे घडाघडा म्हणून मोकळे होतो. एखाद्याने "कशाला हवा?" असं विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "सिस्टीमला लागतो, सर."

मी पोटापाण्यासाठी सिस्टीमच बनवतो, म्हणून सांगतो, सिस्टीमला काहीही लागत नसतं. तो रकाना भरल्याशिवाय बिल पुढे सरकू द्यायचं नाही, असं कुणीतरी ठरवून सांगितलेलं असतं. मग प्रश्न पडतो की हे ठरवायला सुरुवात कधी झाली? दुकानदार गिऱ्हाईकाला नाव-गाव कधीपासून विचारायला लागला?

आता तुम्ही म्हणाल, पूर्वी असलं काही नव्हतं. तर तसं नाही. नाव पूर्वीही लिहिलं जायचं, पण उधारीवाल्याचं. जुन्या पद्धतीच्या हिशेबात दोन वह्या मुख्य. दिवसभराचे व्यवहार ओळीने लिहायचे ती कीर्द आणि त्यावरून माणसागणिक खाती काढायची ती खतावणी. रोख पैसे मोजणाऱ्याला या खतावणीत जागाच नव्हती. दिवसभराची सगळी रोख विक्री मिळून एक आकडा, बस्स. गूळ कुणी नेला नि रॉकेल कुणी नेलं याच्याशी वहीला देणंघेणं नव्हतं. उधारी मात्र नावावर चढायची आणि भात झोडून झालं की चुकती व्हायची.

म्हणजे दुकानदाराने नाव लिहिलं तर त्याच्या बदल्यात काहीतरी मिळत होतं. तो माल आधी देत होता, पैसे नंतर घेणार होता. विश्वासाची किंमत म्हणून नाव.

गंमत म्हणजे नाव लिहिणंही सोपं नव्हतं. पेणच्या आसपास पाटील, म्हात्रे, ठाकूर किती असतील याची कल्पना करा! नुसतं 'म्हात्रे' लिहून भागणार कसं? मग गावाचं नाव, आळीचं नाव, बापाचं नाव, नाहीतर सरळ टोपणनाव. 'खालच्या आळीचा म्हात्रे' म्हणजे नक्की कोण ते त्या एका दुकानदाराला कळायचं. शेजारच्या कापडवाल्याच्या वहीत हाच माणूस वेगळ्याच नावाने बसलेला असायचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण जुनं ते सगळं सोनं असंही नाही. वही काय करू शकते हे बघायला जरा घाट चढून वर जाऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली. हाच तो 'दख्खनचा दंगा'. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. या दंग्याची खूण अशी की जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खतं, रोखे, हिशेबाचे कागद बाहेर काढून त्यांची होळी करायची आणि घरी जायचं. कारण रागाचं मूळ तिथेच होतं. कुळाचं नाव वहीत, अंगठा खतावर, पण वही आणि खत दोन्ही सावकाराच्या पेटीत. किती फेडलं, किती राहिलं, व्याज कसं लावलं हे बघायची सोय नाही. आणि बघायला मिळालं तरी वाचता कुणाला येत होतं?

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. हा कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. इतिहासाच्या पुस्तकात तो एका ओळीत उरकतात, पण त्यातली एक तरतूद मला फार आवडते. शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला लेखी पावती मिळण्याचा हक्क, वर्षाला हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्क, आणि खात्याचं पासबुक मागण्याचा हक्क. सावकाराने वही ठेवूच नये असं कायदा म्हणाला नाही. वहीत माझ्याबद्दल जे लिहिलंय त्याची प्रत माझ्याकडे पाहिजे, एवढंच म्हणाला. १८७९ साली!

यानंतर काउंटरवर नाव विचारणारा तिसरा माणूस आला, तो म्हणजे सरकार. दुसऱ्या महायुद्धात धान्याची ओढाताण झाली आणि मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. आता पैसे रोख मोजूनही धान्य मिळेना. घरात माणसं किती, मोठी किती, लहान किती हे कार्डावर असलं पाहिजे, आणि दुकानही ठरवून दिलेलं. रोखीचं गिऱ्हाईक बिननावाचं असतं हा नियम इथे मोडला. मात्र त्या नावाच्या बदल्यात धान्य मिळत होतं, त्यामुळे लोक नाव लपवायला नव्हे तर चढवायला धडपडले. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव कार्डावर चढवण्यासाठी मारलेल्या खेपांच्या कथा घराघरांत ऐकायला मिळतात. पुढे हे कार्ड धान्यापेक्षा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा म्हणूनच जास्त वापरलं गेलं. १९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळी, केशरी, पांढरी अशी तीन रंगांची कार्डं आली आणि घराची मिळकत किती हे कार्डाच्या रंगावरूनच दुकानातल्या रांगेला दिसू लागलं. आता तर रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर बोटाचा ठसा द्यावा लागतो.

याच काळातला एक किस्सा रोह्याशी जोडलेला आहे. चिंतामणराव देशमुख जन्मले महाडजवळच्या नाते गावी, पण त्यांचं बालपण बरंचसं रोह्यात गेलं. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकिर्दीतच, १२ जानेवारी १९४६ रोजी, सरकारने वटहुकूम काढून ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या. काळाबाजारवाल्यांना पकडायचं हा हेतू. नोटेचा गुण काय तर तिच्यावर मालकाचं नाव नसतं. आता ती बदलून घ्यायची तर अर्ज भरून नाव-पत्ता द्यायचा आणि ती आपल्याकडे कशी आली तेही लिहायचं. निष्पन्न काय झालं? एकूण १४३.९७ कोटी रुपयांच्या नोटांपैकी १९४७ च्या अखेरपर्यंत १३४.९ कोटींच्या नोटा बदलून गेल्या. जेमतेम ९ कोटींच्या परत आल्या नाहीत. नाव विचारल्याने चोर सापडतोच असं नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

पाठोपाठ १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. दारू प्यायला परवाना लागतो हा नियम महाराष्ट्रात आजही आहे. एक दिवसाचा, एक वर्षाचा, आजीव, असे प्रकारही आहेत. (वीकेंडला अलिबागला जाणाऱ्यांपैकी किती जणांकडे तो असतो, हे विचारत नाही!)

अशा सरकारी चौकशा पुढेही वाढत गेल्या. पण त्यांचं एक बरं असतं, की मर्यादा लिहिलेली असते. मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक्स आणि झोपेच्या गोळ्यांसारख्या 'एच-१' यादीतल्या औषधांसाठी केमिस्टला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. त्यात डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. १ जानेवारी २०१६ पासून दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो. जीएसटीच्या नियमात नोंदणी नसलेल्या गिऱ्हाईकाचं नाव-पत्ता बिलावर सक्तीचा होतो तो माल ५० हजारांचा किंवा त्याहून जास्तीचा असेल तर. म्हणजे आठशे रुपयांच्या शर्टाच्या बिलावर कायद्याला तुमचं नावसुद्धा नको आहे. मोबाईल नंबर तर नकोच नको.

मग तो हवाय कुणाला? दुकानाला. आणि इथे ती आळीची गोष्ट परत येते.

डेटाबेसमध्ये प्रत्येक माणसाला ओळखायला एक 'की' लागते, जी दुसऱ्या कुणाचीच नसेल आणि सहसा बदलणार नाही. नावं तर सारखी निघतात. पत्ते बदलतात आणि प्रत्येक जण वेगळ्या पद्धतीने लिहितो. मोबाईल नंबर मात्र एकमेव असतो, पाठ असतो, आणि आपण तो बँकेला दिलेला म्हणून वर्षानुवर्षं बदलत नाही. इतकी सुरेख की आयती मिळत असताना ती कोण सोडेल? शिवाय 'खालच्या आळीचा म्हात्रे' ही की एका दुकानापुरती होती. दहा दुकानांच्या वह्या एकत्र केल्या असत्या तरी त्यातून एका माणसाचं चित्र जुळवता आलं नसतं. मोबाईल नंबर सगळ्या वह्यांत एकच. चपलेचं दुकान, औषधाचं दुकान, पिझ्झा, सिनेमा यांच्या याद्या कुणी एकत्र आणल्या तर त्या जोडायला एका ओळीची क्वेरी पुरते. कोणती औषधं घेता, कोणत्या तारखेला हात सैल सुटतो, घरात लहान मूल कधी आलं, सगळं एका ओळीत हजर. प्रत्येक दुकान हे करतंच असं नाही. पण करायचं ठरवलं तर अवघड काहीच नाही.

"मला काय लपवायचंय?" हे यावरचं नेहमीचं उत्तर. दुसरं उत्तर, "अहो, वॉरंटीला बरं पडतं, बिल मेसेजवर येतं, पॉइंट्स मिळतात." खरंय. मिक्सर बिघडला आणि बिल हरवलं तर नंबर कामाला येतो. त्यासाठी तो देणं हा सरळ सौदा आहे, उधारीवाल्यासारखा. पण मग मला पर्याय पाहिजे. तो रकाना लाल करून बिल अडवणं म्हणजे सौदा नव्हे.

ओळख नीट विचारली की सगळं सुरक्षित, असंही एक मत असतं. त्याचं उत्तर पेणकरांइतकं कुणाला माहीत नसेल. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. २०१४ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. बोगस कर्जखात्यांचं प्रकरण तपासात पुढे आलं. खातं उघडताना आपण फोटो देतो, रेशनकार्डाची झेरॉक्स देतो, सह्या करतो. आणि त्याच छताखाली खोट्या नावांवर कर्जं निघू शकतात. ठेवीदारांकडे तर पासबुकंही होती! म्हणजे प्रत हातात असणं गरजेचं आहे, पण पुरेसं नाही. मूळ वही अधूनमधून तपासणारा तिसरा माणूसही लागतो.

कायदा याबाबतीत अगदीच गप्प नाही. विश्वासाने दिलेली माहिती गिऱ्हाईकाची परवानगी किंवा कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना स्पष्ट सूचना केली की बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत दिली आहे. कामापुरतीच माहिती मागा, कशासाठी ते सांगा, माणसाने मागितली तर त्याची माहिती त्याला दाखवा, काम संपलं की पुसून टाका, असा त्याचा सारांश. सूचना मराठीतून वाचायला मिळण्याची सोयही त्यात आहे. १८७९ च्या पासबुकाचा हा पणतू म्हणायला हरकत नाही.

काम संपलं की पुसून टाका, हे ऐकायला फार आधुनिक वाटतं. पण गणपतीच्या कारखान्यात जाऊन बघा. मूर्ती ठरवली की आपल्या नावाची चिठ्ठी मूर्तीला लागते. आपली मूर्ती दुसऱ्याने नेऊ नये, एवढंच तिचं काम. मूर्ती घरी आली की चिठ्ठी काढून टाकतात. त्या चिठ्ठीवरून मखरवाला, मोदकवाला आणि कर्जवाला यांचे मेसेज सुरू होत नाहीत.

तर मंडळी, पुढच्या वेळी काउंटरवर नंबर विचारला तर त्या मुलावर डाफरू नका, त्याने तो रकाना बनवलेला नाही. शांतपणे म्हणा, "नंबरशिवाय बिल करा." जमत नाही म्हणाला तर मॅनेजरला बोलवा आणि विचारा, नंबर कशासाठी पाहिजे, किती दिवस ठेवणार, आणि माझ्या नावावर काय काय लिहिलंय ते मला कधी दाखवणार. सुप्याच्या शेतकऱ्याला हे विचारायला जागाच नव्हती. आपल्याला आहे. मागची रांग दोन मिनिटं थांबेल. तिच्यातही कुणाला ना कुणाला हेच विचारायचं असतं.