अंथरुणापासून मैदानापर्यंत

कण्याला इजा होऊन पाय गेले, की घरचे मायेने म्हणतात, ‘आता पडून राहा.’ शब्दांत वावरणाऱ्या मला हे शब्द फार जाचतात. इतिहास वेगळंच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावत, ते पाठीला पडलेल्या जखमा चिघळून किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल इस्पितळात रुग्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावलं. मग हाताला काम दिलं, खेळ दिला. धनुष्य ओढताना दंड आणि खांदे बळावतात. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, तिथे १४ पुरुष आणि २ स्त्रियांनी चाकाच्या खुर्चीतून तिरंदाजी केली. पॅरालिंपिकचं मूळ तेच.

१९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले आपले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं.

पदक सर्वांना मिळणार नाही. पण उंबरठ्याला उतार करणं आपल्या हातात आहे. ‘पडून राहा’ऐवजी एकदा म्हणून पाहा, ‘चल, बाजारात जाऊन येऊ.’