वर्षाची गाणी मोजायची कशी? गीतमालेपासून मोबाईलच्या हिस्ट्रीपर्यंत

वर्ष संपत आलं की कुठून तरी मतदान निघतंच: 'यंदाची तुमची आवडती दहा नवी गाणी कळवा.' आता खरं सांगा, किती गाणी पटकन आठवतात? चार-पाच. तीही बहुतेक गेल्या दोन-तीन महिन्यांतली. जानेवारीत रोज ऐकलेलं गाणं डिसेंबरात डोक्यातून गेलेलं असतं. याला स्मरणदोष म्हणतात, आणि प्रश्नावली घेऊन संशोधन करणार असाल तर तो तुमच्याही वाट्याला येणार आहे. म्हणून जरा इतिहास बघू.

१९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. श्रोते वळले रेडिओ सिलोनकडे. त्याच वर्षी डिसेंबरात तिथं 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे आणि टेप कोलंबोला जायची. सुरुवातीला सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी ती कालक्रमानं लावून पाठवायची, अशी स्पर्धा होती. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९ हजार पत्रं आली. पुढे आठवड्याला ६० हजारांच्या वर जायला लागली. एवढी पत्रं तपासणार कोण? मग स्पर्धा बंद करून लोकप्रियतेच्या क्रमाची यादी सुरू झाली.

खरा प्रश्न इथं आला. लोकप्रियता मोजायची कशावरून? आधी रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री धरली. पण गाणं तुफान चाललं की दुकानातला माल संपतो, आणि माल नाही म्हणून विक्रीचा आकडा खाली येतो! म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही जोडली गेली. एका मापाची खोट दुसऱ्या मापानं भरून काढायची, ही युक्ती नीट लक्षात ठेवा.

अमेरिकेतही तेच झालं. बिलबोर्डच्या अल्बम यादीसाठी वर्षानुवर्षं दुकानदार सांगतील ते आकडे धरले जायचे. १९९१ मध्ये काउंटरवरच्या बारकोडवरून विक्री मोजायला लागले आणि कंट्री संगीत एकदम वर चढलं. लोकांची आवड एका आठवड्यात बदलली नव्हती, मोजमाप बदललं होतं.

आता आपल्याकडे ऐकण्याची हिस्ट्री आहे. २००२ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठातल्या रिचर्ड जोन्स या विद्यार्थ्यानं 'ऑडिओस्क्रॉबलर' काढलं. संगणकावर वाजलेलं प्रत्येक गाणं त्यात नोंदलं जायचं. आज स्पॉटिफायकडून तुम्ही स्वतःची सगळी नोंद मागवू शकता: गाणं कोणतं, कधी वाजलं, किती मिलिसेकंद वाजलं. मतदानाआधी ती उघडली तर स्मरणदोष बराच कमी होतो.

पण तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, हिस्ट्रीतली तारीख ऐकण्याची असते, गाणं प्रसिद्ध झाल्याची नाही. यंदा पहिल्यांदा ऐकलेलं जुनं गाणं 'नवं' म्हणून यादीत घुसतं. प्रसिद्धीची तारीख वेगळी शोधून जोडावी लागते.

दुसरी, काळाची. समजा जानेवारीतलं गाणं ४८ आठवड्यांत ४० वेळा वाजलं, नोव्हेंबरातलं ४ आठवड्यांत १२ वेळा. बेरजेत पहिलं जिंकतं. आठवड्याची सरासरी काढली तर दुसरं: ०.८ विरुद्ध ३. पण नवं गाणं सुरुवातीला जास्तच वाजतं, म्हणून सरासरीही फसवी. दोन्ही गाण्यांचे पहिले चार आठवडेच तुलनेला घ्या. जानेवारीतलं तेव्हा १६ वेळा वाजलं असेल, तर तेच पुढे. रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासातही हाच पेच असतो: उशिरा आलेल्या रुग्णाचा काळ अपुरा मिळतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. आमच्या हुपरीत चांदी घेताना नुसतं वजन बघून कुणी भाव करत नाही, टंचही बघतात. हिस्ट्री म्हणजे फक्त वजन. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की मोजलं जातं, मग तुम्ही ऐकत असा नाहीतर मोबाईल आपोआप पुढचं लावत असो. इथं घरोघरी बायका पैंजणाचं काम करतात. समजा मोबाईल मुलाचा आहे आणि गाणी सगळं घर ऐकतंय. नोंद होते एका मुलाच्या नावावर. त्या बाईला कुठलं गाणं आवडलं हे कुठल्याच फाइलमध्ये नसतं. गीतमालेच्या काळी ज्याला पत्र लिहिता यायचं नाही तो सुटायचा, आता जिच्या नावावर खातं नाही ती सुटते.

म्हणून क्रम असा ठेवा: हिस्ट्रीवरून २०-२५ गाण्यांची कच्ची यादी काढा, प्रसिद्धीची तारीख तपासा, सारख्या काळाची तुलना करा, मग प्रत्येक गाणं पुन्हा ऐकून मत ठरवा. आणि अभ्यास इतरांच्या आवडीचा असेल, तर ज्यांची नोंदच झालेली नाही त्यांच्याकडे वही-पेन घेऊन जा. त्या फेरीसाठी आराखड्यात आधीच आठ-पंधरा दिवस राखून ठेवा, कारण नंतर वेळ मिळत नाही.